गंगेच्या वाटेवरचे सात ओटे

मी नकाशे काढायचो आणि चांगले काढायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझा हात कच्चा होता म्हणून झालेलं नाही. हात कच्चा असता तर निभावलं असतं.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत मी नुकताच ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. कचेरी कुठली ते लिहीत नाही. तेव्हाची माणसं आता तिथे नाहीत, आणि आता जी असतील ती बहुतेक तेच करत असतील, त्यामुळे नाव लिहून कुणाचं भलं व्हायचं नाही. वडील मनमाडला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी. मी त्यांचा थोरला. आम्ही बौद्ध. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला, आणि हे मला त्या वयात दिवसातून दहा वेळा आठवायचं. पेन्सिलीला टोक करतानासुद्धा आठवायचं.

आमचे साहेब नगररचनेचं शिकून आलेले, तिशीतले, पायी फिरणारे. कचेरीची जीप दारात उभी असताना पायी फिरणारा साहेब म्हणजे सगळ्यांच्या थट्टेचा विषय. त्यांच्या डोक्यात एक गल्ली बसली होती. भांडी बाजाराच्या मागून निघून उतरत उतरत थेट गंगेवर जाणारी. गोदावरीला आम्ही सगळे गंगाच म्हणतो. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या माड्यांवरून बायकांनी एकमेकींना वाटीभर साखर द्यावी. दोन्ही बाजूंना लाकडी खांबांची घरं आणि जवळजवळ प्रत्येक दारापुढे काळ्या दगडाचा ओटा. साहेबांना ही गल्ली फक्त चालणाऱ्यांची करायची होती. खाली दगडी फरशी, गटारं झाकलेली, दिवे खांबांऐवजी भिंतींवर, मधल्या चौकातल्या पिंपळाला पार आणि शेजारी पाण्याचा नळ. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सायकलवाल्यानेही उतरून चालायचं. कचेरीत हे ऐकून लोक हसायचे. रस्ता म्हटला की तो रुंद करायचा, एवढंच तिथे ठाऊक होतं.

"घरांचा नकाशा नको," साहेब मला म्हणाले. "तो आहेच. माणसं कुठे थांबतात, कुठे बसतात, सावली कुठे कितीपर्यंत असते, ते मोजून आणा."

असलं काही मोजायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मी टेप घेतला, वही घेतली आणि निघालो. टेपचं दुसरं टोक धरायला निफाडकडचे एक शिपाई होते, पन्नाशीचे, कचेरीत माझ्यापेक्षा वीस वर्षं जुने. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

दुसऱ्याच दिवशी काकू भेटल्या. आमचं काही नातं नव्हतं, मी आपला काकू म्हणायचो. साठी उलटलेली, तांबटाची विधवा. घरातलं भांडी ठोकायचं काम नवऱ्याबरोबर संपलेलं; मुलगा बाजारात स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात नोकरीला जायचा. मी त्यांच्या ओट्याची लांबी घेत होतो आणि त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या.

"काय मोजताय?"

"ओटा."

"कशाला? तो काय आता वाढायचाय?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "टेका जरा. घामाघूम झालात."

मामा लगेच टेकले. मी उभाच राहिलो. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. आडनावावरून जे कळतं ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. तांदळातले खडे वेचणारी बोटं जरा थांबली. मग त्या म्हणाल्या, "बसा की. दगड अजून तापला नाही." आत गेल्या आणि तांब्याच्या फुलपात्रातून पाणी आणून त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी बसलो. आज आठवलं की मला स्वतःचा राग येतो. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, यात एवढं काय होतं? माणसाने माणसाला एवढं करायचंच असतं. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा ते पाणी मी घोट घोट करून पुरवून प्यालो. त्या दगडावर बसून मला वाटलं, की हे गाव आता माझंही झालं. चोविसाव्या वर्षी माणसाला एवढ्यावरही तसं वाटतं.

त्यानंतर मी त्या गल्लीत रोज जाऊ लागलो. काम होतंच, पण कामापेक्षा जास्त जात होतो.

काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते. जिना चढता यायचा नाही, मांडी घालता यायची नाही. तरी रोज सकाळी त्या गंगेवर जायच्या. मी विचारलं, एवढं कसं चालता? म्हणाल्या, "चालते कुठे? बसत बसत जाते."

सात ठिकाणी बसायच्या. पहिली बैठक शिंप्याच्या ओट्यावर. दुसरी एका कुलूप लावलेल्या घराची, तिथे कुणाला विचारावं लागत नाही म्हणून त्यांची आवडती. वैद्यांचा ओटा बुटका. बसायला सोपा पण उठताना जीव जायचा, म्हणून तिथे खांब हाताशी येईल अशा कडेलाच बसायचं. गिरणीच्या ओट्यावर पीठ असायचं, तिथे पदर सावरून. पुढचे तीन ओटे उतारावर, जवळजवळ, कारण उतारावर गुडघ्यांना जास्त त्रास. ओटा गुडघ्यापेक्षा दोन बोटं उंच असला तर उठता येतं, हे मला त्यांनी सांगितलं. मी सातही ओट्यांची उंची घेतली. बाई बरोबर बोलत होती. पुढे साहेबांनी कुठल्याशा जाड पुस्तकातून बाकाची उंची काढून दाखवली, तीही तेवढीच निघाली.

एका सकाळी मी घड्याळ लावून त्यांच्याबरोबर गेलो. धडधाकट माणसाला आठ-दहा मिनिटांची वाट, त्यांना पाऊण तास लागला. प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी होतंच. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची दाढ दुखते, कुणाच्या घरी भाऊ-भाऊ बोलत नाहीत, सगळं त्या वाटेत त्यांच्या कानावर यायचं आणि त्या पुढच्या ओट्यावर पोचवायच्या. घाटावर पोचल्यावर मात्र त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. मी जरा लांब उभा होतो. परत निघताना त्या आपणहून म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मला इथे येऊ दिलं नाही. बायकांनी यायचं नसतं म्हणाले. दारातूनच बघितलं मी, वळणापर्यंत. म्हणून आता रोज येते."

मी वहीत वेळ लिहिली.

हे सगळं मी कागदावर उतरवलं. मोठा ट्रेसिंग कागद, बारीक निब, काळी शाई. प्रत्येक ओटा, त्याची लांबी, रुंदी, उंची, त्यावर सावली किती वाजेपर्यंत राहते, तिथे साधारण कोण बसतं. साहेब रोज संध्याकाळी टेबलाशी येऊन बघायचे आणि खूश होऊन जायचे. आणि मग मी ते केलं, जे मला कुणीही सांगितलं नव्हतं. जुन्या मोजणीचे कागद काढून त्यावरून घरांच्या हद्दी माझ्या नकाशावर घेतल्या. घराची हद्द भिंतीपाशी संपत होती. ओटे हद्दीच्या बाहेर, म्हणजे रस्त्यात होते. शंभर वर्षं असतील, दीडशे असतील, पण रस्त्यात. मी हद्दीची तुटक रेषा ओढली आणि कुठला ओटा रेषेबाहेर किती येतो ते घराच्या नंबरासकट लिहिलं. दोन फूट चार इंच. तीन फूट एक इंच. नकाशा पूर्ण दिसावा एवढाच हेतू. अर्धवट नकाशा मला सहन व्हायचा नाही.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "चित्र लय भारी काढलं तुम्ही. पण आकडे नका टाकू साहेब."

"का?"

"आकडा कागदावर आला का मंग तो कोनाचाच राहत नाय. मी लय वर्षं बघतोय हितं. चित्राचं कोनी काय करत नाय, आकड्याचं करत्यात."

मी हसलो. सातवी शिकलेला माणूस मला नकाशा शिकवत होता. मी आकडे शाईत पक्के केले.

नकाशा पुरा झाला तेव्हा साहेबांनी तो सभागृहाच्या भिंतीवर लावला. लोक येऊन बघायचे, बोट ठेवून आपलं घर शोधायचे. मी मुद्दाम त्या बाजूने चकरा मारायचो. काकूंना मी गल्लीत जाऊन सांगितलं की तुमचे सातही ओटे राहणार, उलट खाली फरशी येईल, घसरायची भीती नाही. त्या म्हणाल्या, "आणि तो बुटका जरा उंच करता आला तर बघा." मी वहीत लिहून घेतलं. मला वाटत होतं, की मी काहीतरी केलं आहे.

मग दोन-तीन महिन्यांत साहेबांची बदली झाली. विदर्भात, एका टोकाला. बदली का झाली याची कचेरीत चार कारणं सांगितली जायची, मला एकही पटलं नाही. निरोपाला पेढे वाटले, हार घातला. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नकाशा सांभाळा." मी म्हटलं, सांभाळतो. नकाशा कसा सांभाळायचा असतो ते मला माहीत होतं. गुंडाळी करायची, कापडात बांधायची, वाळवी लागू द्यायची नाही. त्यापलीकडे सांभाळायचं काही असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सिंहस्थ तोंडावर आला होता. गंगेकडे जाणारे सगळे रस्ते मोकळे करा, असं वरून आलं. मोकळे म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. नव्या साहेबांनी अडथळे किती आहेत ते विचारलं. बाकीच्या गल्ल्यांचं कुणाकडे काहीच नव्हतं, नुसते अंदाज. एका गल्लीचं मात्र सगळं तयार होतं. घर नंबर, लांबी, रुंदी, रेषेबाहेर किती. त्यामुळे सुरुवात त्याच गल्लीपासून करायची ठरली.

नोटिसा टाइप होत होत्या तेव्हा मी टायपिस्टच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती माझा नकाशा पुढे ठेवून आकडे उतरवत होती. दोन फूट चार इंच. तीन फूट एक इंच. मी तसाच नव्या साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, हा नकाशा ओटे ठेवण्यासाठी केला होता, काढण्यासाठी नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "ठेवण्यासाठी केला होता तर हद्द कशाला दाखवलीत?" मग उठून त्यांनी माझी पाठ थोपटली. "इतकं अचूक काम या कचेरीत मी पाहिलं नव्हतं. तुमच्या वार्षिक शेऱ्यात लिहिणार आहे." आणि त्यांनी खरंच लिहिलं.

ओटे काढायच्या दिवशी मला हजर राहायचा हुकूम होता. रेषा नेमकी कुठून जाते ते दाखवायला दुसरं कोण होतं? चुन्याची बादली घेऊन मी गल्लीच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना पांढरी रेघ मारत उतरलो आणि माझ्यामागून पहारी येत गेल्या. काही घरवाल्यांनी आदल्या दिवशीच आपले ओटे आपणच उकलून दगड आत नेऊन ठेवले होते. बाकीचे दारात उभे राहून बघत होते. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सगळे मला ओळखत होते. सगळ्यांच्या घरचा चहा मी प्यालो होतो.

काकूंच्या दारापाशी आलो तेव्हा त्या नेहमीच्या जागी, उंबऱ्यात. स्वतःच्या ओट्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

"शिंप्याचा पण जाणार का?"

"हो काकू."

"त्या कुलूपवाल्या घराचा? त्यांना तर कळलंही नसेल."

"तोही."

"वैद्यांचा?"

"हो."

"गिरणीचा?"

मी मान हलवली. उतारावरचे तिन्हीही त्यांनी एकेक करून विचारले. एकदम सात म्हणाल्या नाहीत, एकेक विचारला, आणि मला सात वेळा हो म्हणावं लागलं. मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. मी वाकून रेघ मारली. पहारवाला माझ्या बाजूला येऊन उभाच होता.

गल्ली रुंद झाली. दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा फूट मिळाले असतील. फरशी आली नाही, डांबर आलं, तेही एकदाच. पार झाला नाही, नळ आला नाही, दिवे खांबांवरच राहिले आणि ते खांब रुंद झालेल्या भागाच्या मधोमध आले. घरांचे उंबरे आता हवेत. दोन फूट खाली रस्ता. दाराशी लोकांनी खोकी ठेवली, दगडावर दगड रचले, एका घराने तर मोडकी लोखंडी खाट उलटी टाकली होती. सिंहस्थात एक दिवस त्या गल्लीतून गर्दी वाहिली. ती ओटे असतानाही वाहिली असती. मग यात्रेकरू गेले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर स्कूटरी येऊन लागल्या. त्यांच्या मागे हातगाड्या, दुकानांची खोकी, गॅसच्या टाक्या. चालायला जागा पूर्वीपेक्षा कमी राहिली, आणि बसायला काहीच नाही.

काकूंचं जाणं बंद झालं. पहिल्या आठवड्यात एकदा त्या निघाल्या होत्या, वाटेत एका उभ्या स्कूटरला टेकल्या, तर मालक आतून ओरडत आला. हे मला मामांनी सांगितलं. "मी सांगितलं व्हतं," असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तसं म्हणावं म्हणून मी वाट बघत होतो.

त्या दिवाळीत वडील माझ्याकडे राहायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. आठवडे झाले कुणाशी बोललो नव्हतो, त्यामुळे बोलताना माझा आवाज फुटला. वडील शांतपणे विडी ओढत होते. गल्ली कुठली ते त्यांनी नीट विचारून घेतलं.

"मला माहीत हाय ती गल्ली," ते म्हणाले. "रेल्वेत लागायच्या आधी मी तिथं कोळशाची पोती टाकायचो. तांबटांच्या भट्ट्यांना लागायचा कोळसा. त्या ओट्याच्या खाली उभं राहून पाणी प्यायलोय. वरून वतायचे. मी कधी बसलो नाय त्याच्यावर. बसूच देत नव्हते."

त्यांनी विडीची राख झटकली.

"गेले तर गेले. त्याच्यासाठी मी रडू का?"

"तुम्ही नका रडू," मी म्हटलं. मला राग आला होता. त्यांचा आला होता, माझा आला होता, कुणाचा ते सांगता येत नाही. जिथे मला बसू दिलं तिथे त्यांना बसू दिलं नव्हतं, आणि मी त्या दगडांचं दुःख त्यांच्यापुढे मांडत होतो. आपण नक्की कशासाठी रडतो आहोत हेही धड कळू नये, यासारखा एकटेपणा नाही.

विडी संपल्यावर वडील म्हणाले, "त्या बाईचं वाईट झालं. म्हातारपणात पाय म्हणजे लय हाल." आणि थोड्या वेळाने, "मोकळी जागा झाली म्हणतो ना? मंग बाकं टाकायला सांग तुझ्या हापिसाला. सरकारी बाक. त्याच्यावर कोनी पण बसंल. कोनाला इचारायला नको."

मी नकाशे काढणारा, आणि हे मला सुचलं नव्हतं. ते सुटी संपवून मनमाडला गेले त्याच आठवड्यात मी टेबलाशी बसलो. सात जागी सात दगडी बाक. उंची गुडघ्यापेक्षा दोन बोटं जास्त. उतारावर तीन. प्रत्येकाला धरायला एका बाजूला कठडा. पुन्हा तोच वेडा उत्साह अंगात आला आणि मी काकूंच्या घरी जाऊन बातमी देऊनही टाकली. हे मी करायला नको होतं. त्या कॉटवर बसल्या होत्या. मी एकेक जागा सांगत गेलो आणि त्या बोटं मिटत गेल्या.

"सात?"

"सात."

"कधी?"

"होतील उन्हाळ्यापर्यंत."

प्रस्ताव गेला आणि पावसाळा संपता संपता परत आला. कोपऱ्यात दोन ओळी होत्या: बाकांमुळे वाहतुकीस अडथळा होईल, तसेच रिकामटेकडे लोक बसून राहतील. मी तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला, चार बाकांचा. तो परतही आला नाही. तिसऱ्यांदा मी पाठवला नाही. नोकरी होती, लग्न ठरलं होतं, धाकट्या भावाचं शिक्षण होतं. ही कारणं खरी आहेत, पण खरं कारण हे की मला कंटाळा आला होता. हरण्याचासुद्धा कंटाळा येतो.

त्या गल्लीत जाणं मी सोडून दिलं. गंगेवर जायचंच झालं तर लांबून, मेन रोडने वळसा घालून जायचो. असं दीड-दोन वर्षं झालं असेल. मग एका नळजोडणीच्या तक्रारीसाठी मला त्या गल्लीत पाठवलं आणि तक्रार नेमकी काकूंच्या शेजारची निघाली. काकूंच्या सुनेने मला दारातून पाहिलं आणि आत बोलावलं. नाही कसं म्हणणार.

काकू खूप वाळल्या होत्या. कॉट आता मागच्या खोलीत होती, तिथून रस्ता दिसत नव्हता. पण मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. लग्न झालं का, मूल काय आहे, वडील कसे आहेत, सगळं विचारलं. चहा झाला. मला वाटलं, सुटलो. मी उठणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "गंगेकडचा रस्ता आता बरा झालाय ना हो?"

एवढंच विचारलं. बाकांचं नाव घेतलं नाही. मला संकोच वाटू नये म्हणून घेतलं नसावं.

मी खरं सांगू शकत होतो. काकू, बाक झाले नाहीत, मी प्रयत्न केला, पुढे सोडून दिला. तीन वाक्यं. पण त्या इतक्या आशेने बघत होत्या, आणि मला तिथून बाहेर पडायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "आता बरा झालाय."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांची सून मला रविवार कारंज्यापाशी भेटली. हातात भाजीची पिशवी. मी ओळखीचं हसलो. ती थांबली आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई हट्टाला पेटल्या. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाल्या. लुगडं बदललं, एकट्याच निघाल्या."

"मग?"

"वैद्यांच्या घरापाशी रस्त्यातच खाली बसल्या. तिथपर्यंत कशा गेल्या देव जाणे. मागे टेम्पो थांबलेला, तो हॉर्न वाजवतोय, आणि यांना उठता येईना. गिरणीवाल्याने आणि मी धरून घरी आणलं." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती माझ्यावर चिडलेली नव्हती, झालेलं सांगत होती. "मी रागावले त्यांना. म्हटलं, रस्त्यात बसायला काही नाही हे माहीत असून निघालात कशाला? तर म्हणाल्या, ते स्वतः येऊन हो म्हणाले, म्हणजे बाकं टाकलीच असणार."